वयस्क शेतकऱ्यांची जुनाट कंबरदुखी आणि मोटारसायकलचा वापर

पूर्वी बैलगाडीचे जे काम होते त्यातील बरेचसे आता मोटारसायकलकडे आले आहे. पहाटे दुधाचे कॅन डेअरीवर पोचविणे, दुपारी मजुरांची भाकरी शेतात नेणे, बियाणे व खताच्या गोण्या आणणे, बाजार करणे ही सर्व कामे याच वाहनावर होतात. पन्नाशी-साठी ओलांडलेले शेतकरीही दिवसातून चार-पाच वेळा पाणंदीने, खडीच्या कच्च्या रस्त्याने ये-जा करतात. अशा शेतकऱ्यांमध्ये कंबरदुखीची तक्रार मोठ्या प्रमाणावर आढळून येते. दुखणे सहा-सहा महिने राहते, औषधाने तात्पुरते थांबते व पुन्हा सुरू होते. काहीजण गाडी चालविणे आणि त्याबरोबर शेतात जाणेही सोडून देतात. काहीजण दुखणे अंगावर काढून रोज वेदनाशामक गोळ्या घेतात. हे दोन्ही मार्ग नुकसानकारक आहेत.

बैलाला खांदेसूज आली तर आपण केवळ मलम लावून थांबत नाही. जू तपासतो, ओझे कमी करतो, थोडी विश्रांती देतो आणि मग हळूहळू पुन्हा कामाला जुंपतो. कंबरदुखीच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा लागतो. गाडी, ओझे, प्रवासाची वेळ आणि कंबरेच्या स्नायूंची ताकद या चार बाबींकडे लक्ष दिल्यास बहुसंख्य शेतकऱ्यांना आपले काम चालू ठेवता येते. त्यासंबंधीची माहिती या लेखात दिली आहे.

जुनाट कंबरदुखी म्हणजे काय?

तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकणाऱ्या दुखण्यास जुनाट कंबरदुखी म्हणतात. कंबरेत पाच मणके असून दोन मणक्यांच्या मध्ये लवचिक गादी असते. ही गादी हादरे झेलते. प्रौढ वयात या गादीला थेट रक्तपुरवठा नसतो. आजूबाजूच्या भागातून झिरपणाऱ्या द्रवावर तिचे पोषण होते आणि हालचालीमुळे या क्रियेस मदत होते. वयाबरोबर गादीतील पाण्याचे प्रमाण कमी होते व तिची उंची घटते. यालाच खेडोपाडी ‘मणक्यात गॅप पडला’ असे म्हणतात.

हा शब्द ऐकून अनेकजण घाबरतात. परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी. कंबर मुळीच न दुखणाऱ्या सुमारे ३,१०० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार पन्नाशीतील सुमारे ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या व सुमारे ६० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या आढळतात. म्हणजेच झीज हा केस पिकण्यासारखा वयाचा बदल आहे. केवळ फोटोत किंवा एम.आर.आय.मध्ये झीज दिसली म्हणून कंबर निकामी झाली असे समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते कंबरदुखीच्या दहापैकी सुमारे नऊ रुग्णांमध्ये दुखण्यामागे एखादा निश्चित आजार वा मोड सापडत नाही. अशी कंबर बहुतांशी ताणाने दमलेली व स्नायू अशक्त झालेली असते आणि तिच्यात सुधारणा होऊ शकते.

प्रथम धोक्याची लक्षणे पाहावीत

घरगुती उपाय सुरू करण्यापूर्वी खालील लक्षणे नाहीत याची खात्री करावी.

१) लघवी किंवा संडासवरील ताबा जाणे, लघवी अडणे, जांघेचा व बैठकीचा भाग बधिर होणे. अशा वेळी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. येथे उशीर झाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते.

२) पायातील ताकद कमी होत जाणे, चालताना पाऊल लोंबणे, चप्पल पायातून नकळत निसटणे.

३) संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणे, रात्री झोपेतही न थांबणारी कळ. मणक्याच्या क्षयरोगात अशी लक्षणे दिसतात. क्षयरोगावर सरकारी रुग्णालयात मोफत उपचार मिळतात.

४) जनावरे बाळगणाऱ्यांमध्ये पुन्हा पुन्हा येणारा ताप, घाम, सांधेदुखी व कंबरदुखी. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हाताने काढणे किंवा कच्चे दूध पिणे यामुळे माणसाला ब्रुसेलोसिस हा रोग होतो. त्याचे निदान रक्ततपासणीने होते. डॉक्टरांना आपल्या गोठ्यातील गर्भपाताची माहिती आवर्जून द्यावी.

५) गाडीवरून पडल्यानंतर किंवा मोठा दणका बसल्यानंतर सुरू झालेले दुखणे. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असल्यास साध्या आदळण्यानेही मणका दबू शकतो.

६) पूर्वी कर्करोग झालेला असणे किंवा दीर्घकाळ स्टेरॉईडची औषधे घेतलेली असणे.

यापैकी काहीही असल्यास व्यायाम किंवा मालीश करत बसू नये. प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

मोटारसायकलमुळे ताण कसा येतो?

हादरे : बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला सुमारे ४ ते ६ वेळा बसणारे उभे हादरे सर्वात जास्त जाणवतात, कारण त्या गतीला कणा स्वतःच झुलू लागतो. खडबडीत रस्त्यावरील वाहनाच्या बैठकीचे हादरे बरेचसे याच्या आसपास असतात. ट्रॅक्टरचालकांमध्ये कंबरदुखी जास्त आढळण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. ज्यांना ट्रॅक्टर व मोटारसायकल दोन्ही चालवावे लागते त्यांच्यावर दुहेरी ताण पडतो.

एकाच स्थितीत बसणे : कंबर पाठीमागे गोल करून, पोक काढून बसल्यास गादीच्या मागील भागावर व तेथील स्नायूंवर ताण येतो. मोटारसायकलला पाठ टेकण्याची सोय नसल्याने स्नायू लवकर दमतात.

प्रवासानंतर लगेच ओझे उचलणे : अर्धा-पाऊण तास हादरे खाऊन दमलेले स्नायू कण्याला पुरेसा आधार देऊ शकत नाहीत. गाडी थांबताच वाकून गोणी उतरविताना ‘उसण भरते’ ती यामुळेच.

गाडीत करावयाच्या सुधारणा

बहुतेक सुधारणा अल्प खर्चाच्या आहेत. त्या कंबरेच्या औषधाआधी कराव्यात.

१) टायरमधील हवा : जास्त हवा भरली तर प्रत्येक खड्डा थेट कंबरेत बसतो, कमी भरली तर गाडी डळमळते व टायर लवकर खराब होतो. १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत एकट्या चालकासाठी पुढे सुमारे २५ व मागे सुमारे २८ पौंड हवा सांगितलेली असते. मागे माणूस किंवा ओझे असल्यास मागील चाकात जास्त हवा लागते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडे पाहावेत व आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना हवा तपासावी.

२) मागील शॉकअब्सॉर्बर : बऱ्याच गाड्यांमध्ये स्प्रिंगच्या टोकाशी फिरविता येणारी खाचांची कडी असते. एकट्याने जाताना ती नरम खाचेवर व ओझे असताना कडक खाचेवर ठेवावी. दोन्ही बाजूंची खाच सारखीच असावी. शॉकअब्सॉर्बरमधून तेल गळत असल्यास किंवा खड्ड्यात गाडी तळाला आपटत असल्यास ते बदलून घ्यावेत.

३) सीट : पाच-सात वर्षांत सीटचा फोम दबून पत्र्यासारखा होतो. जुन्या फोमवर घोंगडी टाकण्यापेक्षा नवीन, घट्ट फोम भरून घ्यावा. सीट पुढे उतरती असल्यास शरीर टाकीकडे घसरते व कंबर गोल होते. फोम भरताना ती सपाट करून घ्यावी.

४) हँडल : हात पूर्ण ताठ होत असतील किंवा पुढे झुकावे लागत असेल तर मेकॅनिककडून हँडल थोडे मागे घ्यावे. कोपरात किंचित बाक राहिला पाहिजे. त्यानंतर वायर व केबल ताणल्या जात नाहीत ना, हे पाहावे.

५) चाके व बेअरिंग : वाकलेली रिम, सैल आरे व झिजलेले बेअरिंग यांमुळे सतत थरथर होते. सर्व्हिसिंगच्या वेळी ही तपासणी सांगून करून घ्यावी.

६) सेल्फ स्टार्ट : सेल्फ बंद पडला म्हणून वर्षभर किक मारणारे बरेच आहेत. कंबरदुखी असणाऱ्यांनी बॅटरी व सेल्फ दुरुस्त ठेवावा.

बसण्याची व गाडी हाताळण्याची पद्धत

पँटच्या मागील खिशातील जाड पाकीट, किल्ल्या व मोबाईल काढून ठेवावेत. त्यामुळे बैठक एका बाजूला उचलली जाते व मांडीच्या मागील नसेवर दाब येतो. टाकीला चिकटून किंवा अगदी मागे सरकून न बसता मध्यभागी बसावे. पाठ सरळ पण सैल ठेवावी, खांदे कानाकडे चढवू नयेत, गुडघे टाकीला हलके टेकवावेत. खड्डा किंवा गतिरोधक दिसताच वेग कमी करावा आणि पाय-दांड्यांवर भार देऊन बैठक सीटवरून किंचित उचलावी. त्यामुळे हादरा गुडघ्यांत विरतो, कंबरेत जात नाही. गुडघे अधू असल्यास केवळ वेग कमी करावा.

मेन स्टँड लावताना गाडी कंबरेच्या जोराने मागे ओढू नये. डाव्या हाताने हँडल व उजव्या हाताने मागील दांडा धरावा. उजव्या पायाने स्टँड दाबून त्याची दोन्ही टोके जमिनीला टेकल्याची खात्री करावी व मग शरीराचे वजन त्या पायावर द्यावे. गाडी आपोआप वर चढते. मऊ जमिनीवर स्टँडखाली सपाट दगड किंवा फळी ठेवावी.

सलग २० ते ३० मिनिटांपेक्षा जास्त गाडी चालवू नये. मध्ये थांबून दोन-तीन मिनिटे चालावे. तालुक्याच्या गावी किंवा बाजार समितीत जाण्यासाठी शक्य असेल तेथे एस.टी. बसचा वापर करावा. ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात असलेल्या सवलतीचा लाभ घ्यावा.

मागे बसणाऱ्या घरच्या बाईमाणसांनाही हेच हादरे बसतात. एका बाजूला पाय सोडून बसल्याने त्यांच्या कंबरेला पीळही पडतो. शक्य असल्यास दोन्ही बाजूंना पाय ठेवून बसावे. ते शक्य नसल्यास पाय ठेवण्यासाठी पायरी व धरण्यासाठी दांडा बसवून घ्यावा.

ओझ्याचा हिशेब

गाडीच्या पुस्तिकेत एकूण भारमर्यादा दिलेली असते व तीत चालकाचे वजनही धरलेले असते. ४० लिटरच्या एका कॅनमध्ये ४१ किलोपेक्षा अधिक वजनाचे दूध बसते. असे दोन कॅन व ६५ किलोचा चालक मिळून, कॅनचे वजन सोडूनही, जवळजवळ १५० किलो होतात. इतक्या ओझ्याची गाडी तोलण्याचे काम कंबरेला करावे लागते, विशेषतः चिखलात व वळणावर.

यासाठी शक्यतो एका मोठ्या कॅनऐवजी २० लिटरचे दोन कॅन दोन्ही बाजूंना समतोल लावावेत. एकाच बाजूला कॅन लटकविल्यास गाडी सरळ ठेवण्यासाठी शरीर दुसऱ्या बाजूला वाकवावे लागते. युरियाची गोणी ४५ किलोची, तर डी.ए.पी.ची ५० किलोची असते. कंबरदुखी असणाऱ्याने ती एकट्याने उचलू नये. दुकानात हमालाकडून चढवून घ्यावी व शेतात दुसऱ्याच्या मदतीने उतरवावी. मदत नसल्यास गोणी गाडीवरच फोडून घमेल्याने खत उतरवावे. १६ लिटरचा भरलेला फवारणी पंप सुमारे २० किलोचा होतो. तो पाठीवर घेऊन गाडी चालवू नये. रिकामा पंप गाडीला बांधून न्यावा व पाण्याची सोय शेतातच करावी.

शेतात पोचल्यावर लगेच ओझ्याला हात लावू नये. गाडी लावून पाच मिनिटे बांधावरून चक्कर मारावी. पिकाची पाहणीही होते आणि कंबरेचे स्नायूही पूर्ववत होतात.

सकाळच्या पहिल्या दोन तासांची काळजी

रात्री झोपेत मणक्यांमधील गाद्या पाणी शोषून फुगतात. त्यामुळे सकाळी उठल्यावर पुढे वाकण्याने त्यांच्यावर जास्त ताण येतो. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांनी सकाळी पहिले दोन तास कंबरेतून वाकणे टाळले तेव्हा त्यांचे दुखणे कमी झाले. दूध उत्पादक शेतकऱ्यांची अडचण अशी की, शेण काढणे, धार काढणे व डेअरीची खेप ही सर्व कामे नेमकी याच वेळी होतात.

त्यासाठी उठताना आधी कुशीवर वळावे व हाताच्या जोराने बसावे. उठल्यावर पंधरा मिनिटे अंगणात चालावे. धार काढताना उकिडवे बसण्याऐवजी लहान स्टूल घ्यावे व जनावराच्या जवळ सरकून बसावे. शेण काढण्याचे काम घरातील तरुण व्यक्तीकडे द्यावे किंवा थोडे उशिरा करावे. लांब दांड्याचे फावडे वापरावे.

व्यायाम : हाच मुख्य उपचार

दुखते म्हणून अंथरुणावर पडून राहण्याची पद्धत आता चुकीची ठरली आहे. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे नव्याने कंबर दुखू लागलेल्या कामगारांची पाहणी झाली. त्यात अंथरुणावर विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा, झेपेल तेवढी नेहमीची कामे चालू ठेवणारे लवकर बरे झाले.

चालणे : सपाट रस्त्यावर रोज १० मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू ३० मिनिटांपर्यंत, आठवड्यातून पाच दिवस चालावे. २०२४ साली ऑस्ट्रेलियातील ७०१ व्यक्तींवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चालण्याचा कार्यक्रम पाळणाऱ्यांमध्ये कंबरदुखी पुन्हा उद्भवण्यास साधारण २०८ दिवस लागले, तर न पाळणाऱ्यांमध्ये ११२ दिवस. शेतातील काम म्हणजेच व्यायाम, असे समजू नये. शेतकाम बहुतांशी वाकून होते, तर चालण्यात कंबर सरळ राहून हलते.

खालील व्यायाम सकाळची घाई संपल्यावर किंवा सायंकाळी, सतरंजीवर करावेत.

१) पाठीवर झोपून एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे घ्यावा. दहा अंक मोजून सोडावा. प्रत्येक पायाने पाच वेळा.

२) पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, तळवे जमिनीवर टेकवावेत व बैठक सावकाश वर उचलावी. पाच अंक मोजून खाली आणावी. दहा वेळा.

३) दोन्ही हात व गुडघे टेकून, पाठ सपाट ठेवून, उजवा हात पुढे व डावा पाय मागे सरळ करावा. पाच अंक थांबावे. नंतर बाजू बदलावी. प्रत्येकी पाच वेळा.

४) पालथे झोपून कोपरांवर छाती उचलावी व अर्धा मिनिट थांबावे. तीन वेळा. मात्र ज्यांचे पाय थोडे चालल्यावर जड होतात व बसल्यावर किंवा पुढे झुकल्यावर बरे वाटते, त्यांनी हा व्यायाम करू नये. त्यांच्या कण्यातील नसांची वाट अरुंद झालेली असू शकते. त्यांनी तपासणी करून घ्यावी.

सुरुवातीस थोडे दुखल्यास घाबरू नये. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ववत होत असेल तर व्यायाम योग्य आहे. वाढलेले राहत असेल तर संख्या निम्मी करावी. कळ कंबरेतून पोटरी-पावलाकडे उतरू लागली तर तो व्यायाम थांबवावा व जिल्हा रुग्णालयातील भौतिकोपचार तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

औषधे व इतर उपचारांबाबत दक्षता

१) डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व थोडे दिवस घ्याव्यात. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना त्या धोकादायक ठरतात. उन्हाळ्यात घाम जाऊन अंगातील पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्या घेतल्यास मूत्रपिंडास इजा होऊ शकते.

२) लेबल नसलेल्या पुड्या व गोळ्या घेऊ नयेत. त्यात स्टेरॉईड मिसळलेले असू शकते. तात्पुरते बरे वाटते, पण साखर वाढते व हाडे ठिसूळ होतात.

३) स्नायू सैल करणाऱ्या व नसांच्या दुखण्यावरील काही औषधांनी झोप येते. अशी औषधे घेतल्यावर गाडी चालवू नये.

४) कंबरेचा पट्टा कायम वापरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात जुनाट कंबरदुखीसाठी पट्टा व वजन लावणे यांची नेहमीचा उपचार म्हणून शिफारस केलेली नाही. व्यायाम, दुखण्याची नीट माहिती व मालीश यांना त्यात स्थान दिले आहे.

५) पायाळू माणसाकडून कंबरेवर लाथ मारून घेणे, डाग देणे असे प्रकार करू नयेत. ठिसूळ मणका त्याने मोडू शकतो.

६) उघड्या फळीवर झोपण्याची गरज नाही. २००३ साली स्पेनमध्ये झालेल्या प्रयोगात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम मिळाला. घरची पिंजून घेतलेली कापसाची गादी पुरेशी आहे.

७) धूम्रपान करणाऱ्यांमध्ये कंबरदुखीचे प्रमाण जास्त आढळते. बिडी-सिगारेट सोडावी.

सहा आठवड्यांचा कार्यक्रम

पहिला आठवडा : गाडीची वरीलप्रमाणे दुरुस्ती करावी. अत्यावश्यक तेवढ्याच खेपा कराव्यात. रोज १० मिनिटे चालावे व व्यायाम क्र. १ आणि २ करावेत.

दुसरा व तिसरा आठवडा : चालणे १५ ते २० मिनिटे करावे. व्यायाम क्र. ३ व झेपल्यास ४ सुरू करावेत. ओझ्याशिवाय १०-१५ मिनिटांची खेप करावी.

चौथा व पाचवा आठवडा : चालणे २५ मिनिटे. समतोल लावलेले हलके ओझे नेण्यास हरकत नाही.

सहावा आठवडा : चालणे ३० मिनिटे. नेहमीच्या खेपा, परंतु मध्ये थांबे घेऊन. दोन खेपांची कामे एका खेपेत बसवावीत.

रोज रात्री वहीत किती वेळ गाडी चालवली, काय उचलले व किती दुखले याची नोंद करावी. दुधाच्या नोंदीप्रमाणेच ही नोंद उपयोगी पडते. कोणत्या कामाने दुखणे वाढते ते दोन आठवड्यांत आपल्याच लक्षात येते.

गाडी केव्हा चालवू नये

पाय बधिर असणे, ब्रेक दाबताना जोर न येणे, मान वळवून मागे पाहता न येणे किंवा अचानक कळ येऊन हात सुटणे, यापैकी काहीही होत असल्यास गाडी चालविणे बंद ठेवावे. येथे प्रश्न केवळ कंबरेचा नसून आपल्या व रस्त्यावरील इतरांच्या जीविताचा असतो. अशा काळात घरातील तरुणांनी खेपांची जबाबदारी घ्यावी व वडीलधाऱ्यांनीही ती देण्यात कमीपणा मानू नये. जवळच्या खेपेलाही हेल्मेट वापरावे.

सारांश

मणक्याची झीज वयाबरोबर होणारच, परंतु झीज म्हणजे अपंगत्व नव्हे. धोक्याची लक्षणे नसल्याची खात्री करावी, गाडीचे हादरे कमी करावेत, ओझे विभागावे, पहाटेचे वाकणे टाळावे आणि नियमित चालणे व व्यायाम चालू ठेवावा. सहा आठवडे हा क्रम नेटाने पाळूनही फरक न पडल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन सल्ला घ्यावा आणि वहीतील नोंदी बरोबर न्याव्यात. पंपाचा आवाज बदलताच आपण तो बंद करून उघडून पाहतो. तितकीच काळजी स्वतःच्या कंबरेची घेतल्यास पुढील अनेक हंगाम शेताची वाट आपल्याला स्वतःच्या गाडीवर करता येईल.